बिल शून्य, पण गिअरबॉक्स उघडलाच नाही: पिकअपच्या रिकॉलबद्दल माझं मत

आमच्या पिकअपचा रिकॉल निघाला, म्हणजे सुरक्षेचा दोष सापडल्यामुळे कंपनीने ती फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावली. आधी निकाल, मग कारणं. सरकारी वेबसाइटला पाच स्टार, कंपनीच्या पत्राला दोन, डीलरच्या सर्व्हिस काउंटरला दोन आणि प्रत्यक्ष दुरुस्तीला चार. सरासरी सव्वातीन येते. वरचा पाव स्टार मी बिलावरच्या ‘एकूण देय: शून्य’ या ओळीसाठी वाढवलाय, म्हणजे साडेतीन. हिशेबाचं काम करते, त्यामुळे असा पाव स्टार कुठून आला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. घरात पूर्ण आकाराची, ऑटोमॅटिक गिअरची, वापरलेली घेतलेली पिकअप आहे. तिचं खरं काम वर्षातले तीनचार महिने असतं. आमच्या ढोल-ताशा पथकाचं गोडाऊन म्हणजे आमचंच गराज. जुलै लागला की सरावाच्या पार्किंग लॉटपर्यंत ढोल, ताशे, ध्वजाचे बांबू, टोल, पाण्याचे कॅन, सगळं हिच्या हौद्यातून जातं. मागे ट्रेलर जोडलेला असतो, आय-१० महामार्गावर सत्तर मैलांचा वेग असतो आणि दोन्ही बाजूंना अठरा चाकी ट्रक. अशा गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल सुरक्षेचं पत्र आलं तर ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून विसरता येत नाही.

गाडीच्या कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका काउंटरवरच्या अनुभवावरून अख्ख्या कंपनीला झोडपायचं नाहीये. आमच्या गाडीतला दोष गिअरबॉक्सच्या नियंत्रणातला होता आणि उपाय सॉफ्टवेअरचा होता, एवढंच पुरे. खाली जी नावानिशी उदाहरणं येतील ती सरकारी नोंदीतली आहेत, आमच्या गाडीची नव्हेत.

आणखी एक पात्र सांगायचं राहिलं. माझे वडील, आप्पा. एसटीच्या कराड आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आहेत, आणि ही संपूर्ण सेवा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बारकाईने तपासली. या लिखाणातले तिखट शेरे बहुतेक त्यांचेच समजा.

पत्रापासून सुरू करते. इथला नियम असा की गाडीत सुरक्षेचा दोष आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामकाजी दिवसांत तिने राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसएला कळवायचं, आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना टपालाने पत्र पाठवायचं. मालकाचा पत्ता राज्याच्या नोंदणीवरून घेतात. कागदावर सगळं छान आहे. अडचण अशी की आमच्या टपालपेटीत ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे, हा शेवटचा इशारा’ अशी कार्डं सतत पडत असतात, तीही सरकारी वाटावीत अशीच छापलेली. खऱ्या पाकिटावर सुरक्षा रिकॉलची महत्त्वाची सूचना असल्याची ठळक पट्टी असते, एनएचटीएसएचं नाव असतं. नवऱ्याने तरी ते कचऱ्याच्या गठ्ठ्यात टाकलं होतं, आप्पांनी उचललं. त्यांना इथलं टपाल वाचायला फार आवडतं.

आत काय होतं? गाडीत दोष आहे, अपघाताचा धोका वाढू शकतो, उपाय अजून तयार नाही, तयार झाला की पुन्हा कळवू. हे पहिलं, अंतरिम पत्र. असं पत्र पाठवणं नियमात बसतं, कारण दोष लपवून ठेवण्यापेक्षा उपायाविना का होईना पण सांगितलेला बरा. पण तोवर गाडी चालवायची की नाही, ट्रेलर ओढायचा की नाही, याबद्दल अवाक्षर नव्हतं. चालवताना नेमकं काय जाणवेल हे मागच्या पानावर, बारीक अक्षरात. आप्पा म्हणाले, “अगं, आमच्या आगारात बोर्डावर खडूनं लिहायचे, अमुक गाडी घाटात नेऊ नये. एवढं एक वाक्य लिहायला काय होतं यांना?” दोन स्टार त्या वाक्यासाठी कापले आणि आणखी एक त्या बारीक अक्षरांसाठी.

वेबसाइटचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. एनएचटीएसएच्या पानावर गाडीचा विन नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, टाकायचा. हा सतरा अक्षर-अंकांचा असतो. ड्रायव्हरच्या बाजूने काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरूनच दिसतो, नोंदणीच्या आणि विम्याच्या कागदावरही असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच. नंबर टाकला की तुमच्या त्याच एका गाडीवर कोणता रिकॉल बाकी आहे, दोष काय, धोका काय, उपाय काय, उपाय तयार आहे की नाही, हे सगळं समोर येतं. नाव-गाव, फोन नंबर, ईमेल काही विचारत नाहीत. या देशात काहीही न विचारता माहिती देणारी जागा सापडणं हेच पाच स्टारचं काम आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथे ‘रिकॉल नाही’ असं दिसलं म्हणजे गाडी निर्दोष असं नाही. आधीच दुरुस्त झालेले रिकॉल तिथे दिसत नाहीत. पंधरा वर्षांपेक्षा जुने दिसत नाहीत. कंपनी ‘ग्राहक समाधान’ वगैरे गोड नावाने ज्या मोहिमा चालवते त्या सुरक्षा रिकॉल नसल्यामुळे दिसत नाहीत. आणि रिकॉल नुकताच जाहीर झाला असेल तर सगळे विन नंबर यादीत चढायला वेळ लागतो. आम्ही गाडी घेतली तेव्हा नंबर टाकून पाहिला होता, यादी कोरी होती. रिकॉल नंतर निघाला. त्यामुळे वर्षातून दोनदा, इथे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळं पुढेमागे करतो त्या दिवशी, मी दोन्ही गाड्यांचे नंबर टाकते.

जुनी पिकअप घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. नवी कोरी गाडी रिकॉलची दुरुस्ती केल्याशिवाय ग्राहकाच्या हातात देता येत नाही. भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांनाही २०१५च्या कायद्यानंतर रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देता येत नाही. जुनी गाडी विकणाऱ्या डीलरवर मात्र संघराज्याच्या कायद्याने अशी बंदी नाही. आमच्या टेक्ससात तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झाली. हॅरिस, फोर्ट बेंडसारख्या काउंटींत धुराची चाचणी तेवढी उरली. म्हणजे बाकी रिकॉलकडे तुमच्याशिवाय कोणीही बघणार नाही.

आता काउंटर. दुसरं पत्र आलं, उपाय तयार आहे म्हणाले, वेळ घेतली. कायद्याप्रमाणे त्या ब्रँडच्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे जाता येतं, गाडी तिथूनच घेतलेली असावी लागत नाही, आणि तुम्ही पहिले मालक असाल-नसाल, दुरुस्ती फुकट. हे सगळं आधी वाचून गेले होते म्हणून बरं. कारण काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने पहिला प्रश्न विचारला, “गाडी आमच्याकडून घेतली होती का?” दुसरा प्रश्न, “ट्रान्समिशन फ्लुइड शेवटचं कधी बदललं?”, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल. तिसऱ्या वाक्यात फ्लुइड फ्लश, केबिन फिल्टर आणि चाकांची अलाइनमेंट, असं तिघांचं मिळून पॅकेज. मी म्हटलं, फक्त रिकॉल. तो गोड हसला आणि म्हणाला की मग ‘मोफत’ तपासणी तरी करूच. मोफत तपासणीचा कागद नंतर हातात आला तो लाल-पिवळ्या खुणांनी रंगपंचमी खेळून आल्यासारखा. आप्पांनी चष्मा लावून तो वाचला, मग पार्किंगमध्ये जाऊन स्वतः टायरच्या खाचा बोटाने बघितल्या आणि कागद घडी करून खिशात टाकला. “पिवळ्या म्हणतोय ते ब्रेक पॅड अजून दोन गणपती चालतील.”

बदली गाडी मिळाली नाही. कायद्यात तशी सक्तीही नाही. रिकॉलमध्ये दुरुस्ती फुकट, तुमचा वेळ तुमचा. काही कंपन्या गंभीर रिकॉलला गाडी देतात, मागून बघावी. घरी सोडायला शटल होती, पण आप्पांना तिथेच बसायचं होतं. त्यांना वर्कशॉपच्या आत जायचं होतं. विम्याच्या कारणाने ते शक्य नव्हतं, म्हणून काचेच्या दारापाशी उभे राहिले. कॉफी फुकट होती आणि वाईट होती.

तर आप्पा काचेतून बघत होते. मेकॅनिक आला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली, लॅपटॉप सीटवर ठेवला, बॅटरीला चार्जर लावला आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. बराच वेळाने परत आला, वायर काढली, गाडी एक चक्कर फिरवून आणली. झालं.

“बाळा, यानं बॉनेटपण उघडलं नसतं, चार्जर लावायचा होता म्हणून उघडलं.”

“सॉफ्टवेअर बदललं, आप्पा. तेवढंच होतं.”

“गिअरबॉक्सचा दोष गिअरबॉक्स न उघडता गेला?”

हा प्रश्न मला आवडला, कारण दुरुस्तीचा एक स्टार त्याच्यावरच अडकलाय. घरी आल्यावर आम्ही दोघांनी बसून सरकारी नोंदीतले पिकअपचे जुने रिकॉल वाचून काढले. आप्पांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण आकृती त्यांना माझ्याआधी कळते.

सगळ्यात मोठी मालिका फोर्डच्या एफ-१५० ची निघाली. ही अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वाधिक खपणारी पिकअप. तिच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर असतो. त्या सेन्सरवरून कॉम्प्युटरला कळतं की गाडी किती वेगाने धावतेय. हा सिग्नल मधूनच तुटला तर गाडी सत्तरने धावत असताना बॉक्स एकदम पहिल्या गिअरमध्ये उतरू शकतो. इंजिन किंचाळतं, मागची चाकं ओढली जातात, गाडी हातातून सुटू शकते. २०१६ मध्ये या कारणासाठी २०११-१२ च्या एफ-१५० आणि इतर काही गाड्या मिळून सुमारे दीड लाख परत बोलावल्या. २०१९ मध्ये २०११ ते २०१३ च्या एफ-१५० आल्या, सुमारे पंधरा लाख, त्यातल्या साडेबारा लाखांच्या आसपास अमेरिकेत. जून २०२४ मध्ये २०१४ चं मॉडेल, साडेपाच लाखांच्या घरात. आणि मार्च २०२५ मध्ये एनएचटीएसएने २०१५ ते २०१७ च्या साडेबारा लाखांहून जास्त एफ-१५० बद्दल तशाच तक्रारींवरून तपास उघडला.

हे वाचून आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या एसटीला साठच्या स्पीडला पहिला टाकायचा म्हटलं तर लीव्हर आतच जात नाही. हाताला कळतं. इथं हातच नाही.” नेमकी हीच गोष्ट आहे. हाताने टाकायच्या गिअरमध्ये चुकीचा गिअर पडू नये म्हणून दाते, सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवणारी रचना) आणि ड्रायव्हरचा हात मध्ये असतो. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा दाब, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर हे तिघे ठरवतात. कॉम्प्युटरला चुकीची माहिती मिळाली तर गिअरचे दाते, क्लच, तेल सगळं उत्तम असूनही बॉक्स चुकीचं काम अगदी बरोबर करतो. म्हणून उपाय सॉफ्टवेअरचा असू शकतो: सिग्नल गायब झाला तर खालच्या गिअरमध्ये उडी मारायची नाही, हे कॉम्प्युटरला शिकवायचं. यात फसवणूक काही नाही. मीही आधी आप्पांसारखीच नाक मुरडून बसले होते, पण हा तर्क पटतो.

दुसरं उदाहरण मात्र मला तितकं पचलं नाही. २०२४ च्या शेवटी जनरल मोटर्सने २०२० ते २०२२ मधल्या डिझेल इंजिन आणि दहा गिअरचा बॉक्स असलेल्या सुमारे ४ लाख ६१ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यात शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा पिकअप होत्या, काही मोठ्या एसयूव्हीही. दोष असा की बॉक्सच्या आतला एक नियंत्रण व्हॉल्व्ह झिजतो, तेलाचा दाब कमी होतो आणि खालचा गिअर पडताना मागची चाकं क्षणभर जाम होऊ शकतात. ही तर उघडउघड धातूची झीज आहे. उपाय काय? सॉफ्टवेअर. नवं सॉफ्टवेअर व्हॉल्व्हवर नजर ठेवतं, चाकं जाम होण्याच्या दहा हजार मैल आधी झीज ओळखू शकतं असं कंपनीने सांगितलं, आणि झीज आढळली की बॉक्स पाचव्या गिअरच्या वर जाऊच देत नाही. म्हणजे अपघात टळला, सुरक्षेचं काम झालं, कायद्याची अट पूर्ण. पण व्हॉल्व्ह झिजलेलाच राहिला आणि दहापैकी पाच गिअरवर तुम्ही वर्कशॉपपर्यंत पोचायचं. आप्पांच्या भाषेत, “ही दुरुस्ती नव्हे, हा वॉचमन.”

हा फरक मला या सगळ्या प्रकरणातून मिळालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट वाटते. रिकॉलच्या कागदावर ‘उपाय’ असा भाग असतो. तो वाचताना विचारायचं: हे सॉफ्टवेअर दोष घडूच देत नाही, की दोष घडल्यावर नुकसान आवरतं? पहिल्या प्रकारात निर्धास्त व्हा. दुसऱ्या प्रकारात सुटा भाग बदलायची वेळ कधीतरी येणार आहे, आणि तेव्हा खर्च कोण करणार हे आजच लेखी विचारून ठेवा. आमच्या गाडीचं उत्तर सुदैवाने पहिल्या प्रकारचं निघालं, म्हणून चार स्टार. हे उत्तर मला ॲडव्हायझरने दिलं नाही, वेबसाइटवरच्या दोष-अहवालाच्या पीडीएफने दिलं. तो अहवाल कंपनीनेच सरकारला दिलेला असतो आणि पत्रापेक्षा दसपटीने स्पष्ट असतो. पत्र वकिलाने लिहिलेलं असतं, अहवाल इंजिनिअरने.

टोयोटाचं उदाहरण धावतं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टुंड्रा पिकअप, सिक्वोया आणि एका लेक्ससच्या मिळून सुमारे २ लाख ८० हजार गाड्या. न्यूट्रल टाकल्यावर बॉक्सचे काही भाग लगेच सुटत नव्हते, ब्रेकवर पाय नसेल तर सपाट रस्त्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू शकत होती. उपाय पुन्हा सॉफ्टवेअर. जपानी गाडीला काही होत नाही असं छातीठोक सांगणारे काका प्रत्येक मराठी मंडळात असतात, त्यांच्यासाठी हे वाक्य.

आप्पांना जास्त रस वाटला तो ‘पार्क’च्या गोष्टींत. इथे कोणीही ऑटोमॅटिक गाडीचा हँडब्रेक ओढत नाही. लीव्हर पार्कला टाकला, किल्ली काढली, उतरले. आप्पा पहिल्या दिवसापासून आमच्या सपाट ड्राइव्हवेवरही हँडब्रेक लावायला लावतात आणि आम्ही हसायचो. आता जरा कमी हसतो. २०१८ मध्ये फोर्डने सुमारे साडेतीन लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात त्या वर्षीची एफ-१५० होती. गिअर लीव्हरची केबल बॉक्सला जोडणारी एक क्लिप नीट बसलेली नव्हती. क्लिप सुटली की लीव्हर पार्कला दिसतो, किल्लीही निघते, पण बॉक्स पार्कमध्ये नसतो. त्याच्या आधी डिसेंबर २०१७ मध्ये फियाट क्रायस्लरने सुमारे १८ लाख रॅम पिकअप बोलावल्या होत्या, त्यातल्या सुमारे १४ लाख ८० हजार अमेरिकेत. त्यात ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून लीव्हर निघू नये म्हणून जी पिन असते ती उष्णतेने उघडीच अडकून राहू शकत होती. गाडीत एकटं बसलेलं पोर लीव्हर ओढू शकलं असतं. अशा रिकॉलमध्ये दुरुस्ती होईपर्यंत काय करा असं कंपन्या सांगतात? हँडब्रेक लावा. आप्पांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे. १९६६ च्या कायद्याने अमेरिकेत रिकॉलची पद्धत उभी राहिली. सत्तरच्या दशकात फोर्डच्या गाड्या पार्कमधून आपोआप रिव्हर्समध्ये जातात अशा तक्रारींचा ढीग साचला. रिकॉल होणार असं वाटत असताना १९८० च्या अखेरीस सरकार आणि कंपनीत तडजोड झाली. १९६६ ते १९८० या मॉडेलच्या सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना टपालाने काय पाठवलं? डॅशबोर्डवर चिकटवायचं स्टिकर. उतरण्यापूर्वी लीव्हर पार्कला आहे याची खात्री करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. बस्स. त्याच्या तुलनेत आजचं सॉफ्टवेअर म्हणजे चैनच म्हणायची. आमच्या अंतरिम पत्रात मात्र त्या स्टिकरइतकीही कामाची सूचना नव्हती.

“आपल्याकडं आहे का असलं काही?” हा प्रश्न येणारच होता. कराडला आप्पांच्या पुतण्याची मालवाहू पिकअप आहे. भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक पद्धत होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सक्तीचा रिकॉल लावायचा अधिकार मिळाला आणि एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सक्तीने रिकॉल लावावा लागला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. पण तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरता. इथे अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांच्या आत रिकॉल निघाला तर दुरुस्ती फुकट करावीच लागते. पुतण्याची गाडी सात वर्षांच्या पुढे गेलीय. आप्पा म्हणाले, आपल्याकडे मालाची पिकअप सात वर्षांनी तर तरणी होते.

आता खर्चाचं. रिकॉल निघण्याआधीच तुम्ही तोच दोष खिशातून दुरुस्त करून घेतला असेल तर कंपनीकडून पैसे परत मागता येतात. अटी असतात, पण पावती असेल तर मागायलाच हवेत. आमच्या पथकातल्या एकाने जुनी पावती जोडून अर्ज केला आणि त्याला चेक आला. दुसऱ्याने रोखीने गल्लीतल्या गराजमध्ये काम केलं होतं, त्याच्याकडे कागद नव्हता, तो नुसता ऐकत बसला.

काउंटरला दोनच स्टार का, याचं खरं कारण अजून सांगितलेलं नाही. आमच्या गाडीला रिकॉलशी संबंध नसलेली एक खोड आहे. सकाळी गार इंजिनवर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा हिसका बसतो की मागचे ढोल एकमेकांवर आपटतात. मी ॲडव्हायझरला सांगितलं. तो म्हणाला, या बॉक्समध्ये ते नॉर्मल आहे. मग म्हणाला, पाहिजे तर तपासणी करू, पण त्याची फी वेगळी. नॉर्मल आहे तर फी कसली? कंपनीने डीलरांसाठी काढलेल्या तांत्रिक सूचनापत्रांत या हिसक्याचा उल्लेख आहे, उपायही लिहिलाय. ही सूचनापत्रंही एनएचटीएसएच्याच साइटवर, रिकॉलच्या शेजारच्या टॅबखाली सापडतात, म्हणून त्या साइटला पाच स्टार. पण सूचनापत्र म्हणजे रिकॉल नव्हे. ‘असा त्रास आला तर असं दुरुस्त करा’ एवढंच ते मेकॅनिकला सांगतं. वॉरंटी असेल तर फुकट, नसेल तर तुमचं पाकीट. ते माझ्या फोनवर उघडून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “अच्छा, हे.” त्या ‘अच्छा’चे मी खास गुण कापले आहेत.

हिसका हा आरामाचा प्रश्न की सुरक्षेचा, ही सीमा कंपनी आपल्या सोयीने आखते आणि सरकार तक्रारींच्या जोरावर सरकवतं. एफ-१५० चा २०२५ चा तपास मालकांच्या शे-दीडशे तक्रारींवरून उघडला गेला, गाड्या साडेबारा लाखांहून जास्त. या प्रमाणात एकेका तक्रारीचं वजन बघा. तक्रारीचा फॉर्म त्याच साइटवर आहे, भरायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो, आणि नाव-पत्ता झाकून मजकूर सगळ्यांना वाचायला ठेवतात.

आमची तक्रार मी भरली. मसुदा आप्पांनी सांगितला, आणि त्यांना आगारातल्या दोष-वहीची सवय असल्यामुळे तो नमुनेदार झाला. ‘गाडी खराब चालते, कंपनी ऐकत नाही’ असलं एक अक्षर नाही. बाहेरचं तापमान, इंजिन सुरू करून किती वेळ झाला होता, वेग किती, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये, हौद्यात अंदाजे वजन किती, ट्रेलर होता की नव्हता, रस्ता सपाट की पुलाचा चढ, डॅशबोर्डवर दिवा लागला की नाही, मैलांचा आकडा, आणि डीलरने काय उत्तर दिलं. शेवटच्या मुद्द्याला ‘नॉर्मल’ हा एकच शब्द आम्ही अवतरणचिन्हात टाकला. आणखी कोणाच्या पिकअपला गार इंजिनवर दुसऱ्या-तिसऱ्यात असा हिसका बसत असेल तर इथे खाली लिहिण्याआधी तिकडे भरा. इथे लिहिलेलं एनएचटीएसए वाचत नाही.